आईची वही आणि कृष्णेचं पाणी : पाच दिवस

आई गेल्यावर तिचं कपाट आवरायला मला चार महिने लागले. निघालं फारसं काही नाही. सुती साड्या, पेन्शनची फाइल, चष्म्याची दोन रिकामी घरं आणि तळाशी खाकी पुठ्ठ्याचं एक लांबट रजिस्टर. आई पुण्यात प्राथमिक शाळेत बाई होती, तेव्हा मला वाटलं जुनं हजेरीपुस्तक असेल. उघडलं तर पाण्याचे आकडे. पट्टीने आखलेले तीन रकाने : तारीख, कोयना (टीएमसी), आयर्विन (फूट). कोयना म्हणजे कोयना धरणातला साठा, टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. 2005 पासून दर वर्षी जून ते सप्टेंबर, एक दिवसही न चुकवता.

सांगलीकडच्या माणसाला यात काही समजावून सांगायला नको. पावसाळा लागला की तिकडे माणसं एकमेकांना 'बरं आहे ना' विचारायच्या आधी 'आयर्विनला किती?' विचारतात. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर गेलं की धोका. आईचं माहेर भिलवडी, सांगलीच्या वरच्या अंगाला, अगदी काठावर. पावसाळ्यात रोज संध्याकाळी मामाचा फोन यायचा आणि आई फोन कानाला धरूनच रजिस्टर ओढायची. 2019 च्या ऑगस्टमधलं पान मी हाताने चाचपून पाहिलं. 57 हा आकडा तिने दोनदा गिरवलाय, इतका दाबून की पानाच्या मागच्या बाजूला तो बोटाला लागतो. त्या रात्री मामाच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं.

आई मार्चमध्ये गेली. जुलैत एका संध्याकाळी मामाचा मला फोन आला. "आयर्विनला तीस झालं गं," म्हणाला. मी "बरं" म्हणाले. त्याच्यापुढे काय विचारायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. मामा थोडा वेळ थांबला आणि "ठेवतो" म्हणाला. नंतर त्याने फोन केला नाही.

कृष्णेच्या काठावर जन्मलेल्या आईने कृष्णेचा उगम कधी पाहिला नव्हता. दोनदा मला म्हणाली होती, महाबळेश्वरला जाऊन येऊ या गं एकदा. मी एकदा परीक्षा सांगितली, एकदा ऑफिस. म्हणून वर्षश्राद्धाच्या आधी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दादा, मी आणि माझी अकरा वर्षांची लेक असे तिघं निघालो. आईच्या देवघरातला तांब्याचा गडू घेतला आणि रजिस्टर घेतलं. उगमापासून नृसिंहवाडीपर्यंत, नदी जाईल तसं जायचं, एवढंच ठरवलं होतं.

दिवस पहिला : क्षेत्र महाबळेश्वर

पुण्याहून सकाळी सहाला निघालो. खंबाटकी, वाई, पसरणीचा घाट. घाटात लेकीला मळमळलं, दोनदा थांबावं लागलं. बाजारपेठेत न शिरता थेट क्षेत्र महाबळेश्वर गाठलं.

पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतं. पुजारीबुवांनी लेकीला सांगितलं की सावित्री तेवढी पश्चिमेला कोकणात उतरते. वेण्णा आणि कोयना मात्र डोंगराला वळसे घालून पुन्हा कृष्णेलाच मिळतात, एक माहुलीला, एक कराडला. लेकीला हे फार आवडलं. "म्हणजे इथे टाटा करून पुढे परत भेटतात?" मला आईचा रजिस्टरमधला कोयनेचा रकाना आठवला. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत येतं आणि मग भिलवडी, मग सांगली. माहेरी उद्या काय होणार ते आईला आज कोयनेवरून कळायचं.

तिथून थोडं चालत गेलं की कृष्णाबाईचं जुनं देऊळ लागतं. पंचगंगेपाशी जेवढी गर्दी, तेवढीच इथे शांतता. काळा दगड, त्यावर शेवाळ, छोटं गोमुख आणि समोर कृष्णेचं खोल खोरं. पाण्याची धार करंगळीएवढी. आमचं एवढं मोठं पाणी इथे एवढंसं असतं, हे बघून आई नक्की हसली असती. मी गडू धारेखाली धरला. तो भरायला बराच वेळ लागला.

तेवढ्यात लेक म्हणाली, "आजी इथून पोहत निघाली असती."

"आजीला कुठे पोहता येत होतं?"

"येत होतं! सुक्या भोपळ्यावर शिकली होती ती. मग भोपळा सोडून पण जायची. पार पलीकडे."

दादाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. लहानपणी दर मे महिन्यात आम्ही भिलवडीला जायचो. मामा पोरांना घेऊन नदीवर निघाला की आई घाटाच्या वरच्या पायरीवर उभी राहायची आणि माझ्या फ्रॉकचं टोक घट्ट धरून ठेवायची. दादा पोहायला शिकला, मी शिकले नाही. मला आजही गुडघ्याच्या वर पाण्यात जाववत नाही. आईला पाण्याची भीती वाटते हे मी इतकं धरून चालले होते की तिला कधी विचारलंच नाही.

"तुला कधी सांगितलं हे तिने?"

"रात्री. झोपताना. खूपदा."

गडू भरून वाहायला लागला होता, तो मी बाजूला घेतला. त्या क्षणी मला माझ्या लेकीचा हेवा वाटला. आई गेल्याचं दुःख मी दहा महिने वागवत होते, पण जिच्यासाठी वागवत होते तिचा एक अख्खा तुकडा मला ठाऊकच नव्हता. तो माझ्या घरात, शेजारच्या खोलीत, रोज रात्री दिवा मालवल्यावर बोलला जात होता.

संध्याकाळी केट्स पॉइंटवरून खाली खोऱ्यात बलकवडी आणि धोम धरणांचं पाणी दिसलं. थंडी चांगलीच होती. लेकीने आजीची शाल पांघरली होती. त्या शालीला अजून वेखंडाचा वास आहे.

दिवस दुसरा : वाई, माहुली

वाईला आई एकदा येऊन गेली होती, शाळेची सहल घेऊन. ढोल्या गणपतीचं तिने वर्गात सांगितलेलं दादाला अजून पाठ आहे : देऊळ 1762 चं, रास्त्यांनी बांधलेलं, अगदी नदीत पाय सोडून बसल्यासारखं. मागच्या बाजूची भिंत माशाच्या आकाराची केली, ती पुराचं पाणी दोहो बाजूंना फाकावं म्हणून. लेक मागे जाऊन त्या भिंतीवरून हात फिरवून आली. आई मुलांना गणपती कमी आणि ही भिंत जास्त दाखवायची, असं दादा म्हणाला.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट पाहिला. घाटावरची मोठी घंटा वसईच्या 1739 च्या विजयानंतर आलेली, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेत. लेकीने विचारलं, "आईच्या कडेवर बाळ आहे ना हे?" आणि बराच वेळ बघत राहिली.

दुपारी साताऱ्याजवळ माहुलीला पोचलो. इथे वेण्णा येऊन मिळते. "भेटल्या!" लेक ओरडली. संगमावरची देवळं आम्ही सावकाश पाहिली, पण तिचा पाय अडला तो शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याच्या समाधीपाशी. माणसाला कुत्र्याची इतकी आठवण येते की तो दगडाची समाधी बांधतो, हे तिला पटलं आणि तिथेच तिचा बांध फुटला. आई गेली त्या दिवशी ती रडली नव्हती. शेजारच्या बायका म्हणाल्या होत्या, लहान आहे, कळलं नसेल. आता ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती आणि मध्येच म्हणत होती, "आजीचं काहीच नाहीये. आजीचं कुठे काहीच नाहीये बांधलेलं."

मला काही सुचलं नाही. दादा तिच्या शेजारी जमिनीवर बसला. त्याने खिशातून रुमाल काढून दिला आणि आमच्या घरात तोवर कुणी न सांगितलेलं सांगितलं. शेवटच्या आठवड्यात, आई बोलायची थांबली होती तेव्हा, ती दवाखान्यातल्या चादरीवर बोटाने उभ्या रेघा ओढायची. त्याला वाटलं होतं भ्रम झालाय. "रजिस्टर पाहिल्यावर कळलं," तो म्हणाला. "रकाने आखत होती."

रात्री साताऱ्यात मुक्काम. कुणालाच जेवण गेलं नाही.

दिवस तिसरा : कराड, भिलवडी

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून पूर्वेला वळतात. असा संगम मी दुसरा पाहिला नाही. पाणी शांत होतं. लेकीने रजिस्टर उघडून कोयनेच्या रकान्यावर बोट ठेवलं, मग समोर पाहिलं, मग पुन्हा रकान्याकडे. जवळच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. इथे आलं की आई हात जोडायची आणि म्हणायची, साहेबांचे वडील लवकर गेले, पण आईने, विठाईने पोरं वाढवली. साहेबांच्या मोठेपणाबद्दल ती यापलीकडे काही बोलायची नाही. तिच्या लेखी एवढंच पुरेसं होतं.

भिलवडीला दुपारी तीनला पोचलो. मामा दारातच उभा.

"आलासा? या. पाय धुवा आदी." मग लेकीकडे बघून, "ही तर थेट आक्काच की गं."

मामाने मला जुलैच्या फोनबद्दल काही विचारलं नाही. मीच सांगितलं, "मामा, मला पुढे काय विचारायचं ते कळलं नाही रे." तो म्हणाला, "मलाबी कुठं कळलं पुढं काय सांगायचं. सवयीनं फोन लावला बघ. लागल्यावर ध्यानात आलं." मामी चहा घेऊन आली, आणि आम्ही दोघंही गप्प बसून चहा प्यायलो.

ऊन उतरल्यावर सगळे घाटावर गेलो. भिलवडीचा घाट मोठा आहे, दगडी, रुंद पायऱ्यांचा. जानेवारीत पाणी खाली गेलेलं, तळाच्या पायऱ्या उघड्या. मी मामाला विचारलं, आईला पोहता यायचं का?

"यायचं म्हंजे? आमाला तिनंच शिकवलं की. भोपळं बांधून ढकलून द्यायची पाण्यात. पार पल्याड जाऊन यायची, दम न घेता."

"मग?"

"मग चौदावं लागलं. साडी आली. अण्णा म्हणाले, आता पुरे." मामा चार पायऱ्या उतरला आणि एका पायरीवर पाय ठेवून उभा राहिला. पायरीच्या एका कडेचा टवका उडालेला, तिथे दगड गुळगुळीत झालाय. "मग हितं बसायची. धुणं घेऊन. आमी पोवायचो, ही हितनं बघायची. आणि पायऱ्या मोजायची. आज तीन बुडाल्या, आज सात बुडाल्या. घरी जाऊन अण्णांस्नी सांगायची. तवा कुठला आयर्विनचा आकडा नि काय! आक्काच्या पायऱ्याच आमचा आकडा."

मी त्या पायरीवर बसले. थंड दगड होता. माझा फ्रॉक ती इतका घट्ट का धरायची, ते मी मामाला विचारलं. स्वतःला जे सोडावं लागलं ते मला मिळू दिलं नाही, असं का? मामाने खूप वेळ नदीकडे पाहिलं. "ते काय मला सांगता यायचं न्हाई, पोरी." तो खोटं बोलला नाही याचं मला बरं वाटलं. लेकीने तिच्या परीने उत्तर शोधलं, "ती मला म्हणायची, पाण्यात गेलं की परत यावंसं वाटत नाही." एवढंच आई तिला म्हणाली होती. त्याचा अर्थ लावायला माझ्याकडे आता उरलेलं सगळं आयुष्य आहे.

गडूतलं पाणी त्या पायरीवर ओतलं. दगडाचा रंग काळा झाला, ओघळ खालच्या पायरीवर गेला, तिथून त्याच्या खालच्या. पाण्यापर्यंत पोचला नाही, मध्येच दगडाने पिऊन टाकला. मग लेकीने चपला काढल्या, थेट खाली जाऊन पाय पाण्यात सोडले आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी तिचा फ्रॉक धरायला गेले नाही. उलट मीही उतरले. घोट्यापर्यंत, पोटऱ्यांपर्यंत, आणि मामाचा हात धरून गुडघ्याच्या थोडी वर.

दिवस चौथा : औदुंबर, सांगली, वाडी

सकाळी नावेने पलीकडे औदुंबरला गेलो. नृसिंह सरस्वतींनी इथे एक चातुर्मास केला आणि पुढे वाडीला बारा वर्षं राहिले. दत्तापुढे तिघंही शांत बसलो. औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. आई मुलगी असताना होडीने यायची ते ऐकायला, मामाच्या डोक्यावर सतरंजी देऊन. मामा म्हणाला, "मला कवितेतलं एक अक्षर कळायचं न्हाई. आक्का घरी जाताना नावेत समजावून सांगायची." तिची शिकवणी तिथेच सुरू झाली असणार.

निघताना मामीने शिदोरी बांधून दिली. मामा गाडीच्या खिडकीशी आला, काहीतरी बोलायचं होतं, बोलला नाही, काचेवर हात ठेवून बाजूला झाला.

सांगलीत आयर्विन पूल. 1929 सालचा, त्या वेळच्या व्हाइसरॉयच्या नावाचा. फुटांच्या खुणा लेकीने स्वतः शोधल्या. 40 वर बोट, 45 वर बोट. मग 57 कुठे येईल याचा अंदाज घेत तिची मान वर वर जात राहिली आणि एका जागी थांबली. खाली पाणी इतकं शांत, इतकं दूर होतं की तो आकडा खरा वाटेना. पण पुण्यातल्या स्वयंपाकघरात, फोन कानाशी धरून, पेन कागदात रुतवत आईने तो मामाच्या तोंडून ऐकला होता. तो ऐकला तेव्हा मी पलीकडच्या खोलीत झोपले होते.

संध्याकाळी नृसिंहवाडी. कृष्णा आणि कोल्हापूरकडच्या पंचगंगा नदीचा संगम, पायऱ्या उतरून गेलं की मनोहर पादुका. पावसाळ्यात नदी देवळात शिरते आणि पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. तो दक्षिणद्वार सोहळा, आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसं येतात. एरवी ज्या पुराला सगळे भितात तो इथे देवाला अंघोळ घालून जातो. आई हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात भीती कधीच नसायची, आणि याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. 'दिगंबरा दिगंबरा'च्या गजरात दादा डोळे मिटून उभा होता. संगमावर मी गडू पुन्हा भरून घेतला.

दिवस पाचवा : खिद्रापूर, पुणे

सकाळी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. शिलाहारांच्या काळातलं. खांब, हत्तींची रांग, सगळं बघण्यासारखं, पण लेक स्वर्गमंडपात गेली आणि वर बघत उभी राहिली. तिथे छत मध्यभागी गोल उघडं आहे. खाली त्याच मापाची गोल शिळा, तिच्यावर उन्हाचा तुकडा पडला होता. आम्ही तिथे तासभर होतो. मग घरचा रस्ता.

रात्री दहाला पुण्यात पोचलो. गडू देवघरात ठेवला. बॅगा दारातच होत्या तेवढ्यात मामाचा फोन, "पोचलासा का?" मी हो म्हणाले, आणि या वेळी फोन ठेवला नाही. लेकीच्या हातात दिला.

तिने रजिस्टर उघडलं. आईच्या शेवटच्या ओळीखाली दोन बोटं जागा सोडली. कंपासपेटीतली पट्टी घेऊन तीन रकाने आखले, आणि उजवीकडे चौथा. त्यावर लिहिलं, 'पायऱ्या'.

"मामाआजोबा, आज किती बुडाल्यात?"

मामाचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. "आत्ता कुठल्या बुडत्यात, बाळा. जानेवारी हाय. आक्काची पायरी पार कोरडी हाय बघ."

"मग शून्य लिहू?"

"शून्य लिव. थांब. उद्या जाऊन नीट मोजून सांगतो."